उडत्या शिंजिराची काच

विसूभाऊंना कशाकशाची भीती वाटे त्याची यादी करण्यापेक्षा कशाची वाटत नसे तेवढंच सांगावं, म्हणून मी एकदा आठवायला बसलो होतो. बराच वेळ बसलो. काही सापडलं नाही.

बैलगाडी लांब वळणावर दिसली की ते गटाराच्या कडेला जाऊन उभे राहत, आणि गाडी पुढे जाऊन धूळ खाली बसेपर्यंत हलत नसत. हातात बारा महिने छत्री. चार महिने पावसासाठी आणि आठ महिने कुत्र्यांसाठी. वहाणा पायांत घालण्याआधी त्या एकमेकींवर तीनदा आपटत, विंचू असेल म्हणून. विहिरीत कधी डोकावत नसत. खाडी ओलांडायची वेळ आली तर होडीच्या मधल्या फळीवर डोळे मिटून बसत आणि पलीकडे पोहोचल्यावरही, "लागली का नक्की?" असं दोनदा विचारून मगच उघडत. 'तार आली' एवढे दोन शब्द रस्त्यात कुणाच्या तोंडून ऐकले, तरी जवळच्या ओट्यावर टेकत. आमच्या घरी आले की नेहमी एकाच जागी बसायचे, जिथून पुढचं दारही दिसे आणि मागचंही.

"कुणाची वाट बघताय का?" मी पहिल्यांदा विचारलं होतं.

"छे, छे. आपली सवय," ते म्हणाले.

कल्याणात, खाडीकडे उतरणाऱ्या आळीत आमची घरं शेजारीशेजारी होती. मी मराठी शाळेत मास्तर. ते रेल्वेच्या इंजिनियरांच्या कचेरीत पुलांचे, मोऱ्यांचे नकाशे उतरवून काढत. अंगाने किडकिडीत, उंच, मान जराशी पुढे काढलेली. चहाची बशी धरताना त्यांचा हात असा थरथरे की, अर्धा चहा धोतरावर सांडे. पण कचेरीत मी त्यांना एकदा काम करताना पाहिलं आहे. कागदावर लेखणी टेकली की तोच हात दगडासारखा स्थिर व्हायचा आणि केसाएवढी बारीक रेघ वीतभर सरळ जायची.

त्यांनी लग्न केलं नाही. विचारलं तर म्हणत, "एका माणसाची काळजी करता करता जीव जातो, आणखी कुणाची करू?" ते एक माणूस म्हणजे त्यांची थोरली बहीण, भिमाताई. बालपणीच विधवा होऊन आलेली, ठेंगणी, खणखणीत आवाजाची. ती कुणालाच भीत नसे. विसूभाऊंना कचेरीतून यायला जरा उशीर झाला तर ती ओट्यावर येऊन साऱ्या आळीला ऐकू जाईल असं म्हणे, "आला नाही अजून. वाटेत बेडूक बसला असेल."

अशा माणसाच्या घरी कॅमेरा कसा आला, ते सांगायला हवं.

त्यांचे वरचे साहेब पुलांचे फोटो काढत. नोकरी संपवून विलायतेला जाताना त्यांनी तो सगळा सरंजाम विसूभाऊंना देऊन टाकला. लाकडी पेटी, कातड्याचा भाता, तिपाई, काळं कापड, फोटो उमटवायच्या काचांचे डबे, औषधांच्या बाटल्या. त्यांचा नीटनेटका हात बघून दिला असावा. विसूभाऊंनी नको म्हणायचं धाडस केलं नाही. हातगाडीवर सामान घरी आणलं आणि पहिले दोन महिने त्यावर चादर घालून ठेवलं. भिमाताई मला म्हणाली, "मास्तर, त्या पेटीचा डोळा आपल्याकडे बघतो म्हणतोय. रात्री भिंतीकडे तोंड करून ठेवतो तिला."

मग त्यांच्या परसात शिंजीर आला.

शिंजीर म्हणजे अंगठ्याएवढा पक्षी. चोच सुईसारखी, बाकदार. नर सावलीत काळा दिसतो, पण उन्हात आला की जांभळ्या रेशमासारखा चमकतो. फुलापुढे क्षणभर हवेत लटकतो, चोच आत घालतो आणि दिसेनासा होतो. आमच्या आळीतल्या बायका त्याला फुलचुखी म्हणत. विसूभाऊंच्या परसात जास्वंद होती, शंकासुर होता, कर्दळीचा वाफा होता, दोन केळी होत्या. त्या वर्षी शिंजिरांच्या जोडीने केळीशेजारच्या डाळिंबाच्या वाळक्या फांदीला घरटं टांगलं. कोळिष्टकं आणि सालपटं यांची लोंबती पिशवी. दारावर वळचणीसारखं छोटं छप्पर.

विसूभाऊ ते घरटं बघत दोन रविवार पडवीत बसले. तिसऱ्या रविवारी त्यांनी पेटीवरची चादर काढली.

बसलेल्या पाखराचा फोटो त्यांना नको होता. उडताना हवा होता. त्या काळात माणसाला खुर्चीत बसवून, 'हलू नका' सांगून फोटो काढत. त्यांची ही इच्छा ऐकून कचेरीतले लोक हसले. नव्या सुक्या काचा तेव्हा मुंबईहून मिळू लागल्या होत्या आणि त्यांना उजेड फार थोडा वेळ पुरे. तरीही शिंजिराच्या पंखांपुढे तो वेळ फार होता. पहिल्या वर्षी सगळ्या काचांवर पंखांच्या जागी धूर आला. पुढच्या वर्षी त्यांनी भिंगापुढे खाली पडणारी एक फळी बसवली. फळीला मधोमध भोक. दोरी ओढली की फळी सटकन खाली येई आणि ते भोक भिंगासमोरून जाई, तेवढाच काय तो उजेड आत. फळी जोरात पडावी म्हणून तिला रबराची पट्टी ताणून लावली. ऊन कमी पडतं म्हणून भिमाताईच्या खोलीतला आरसा कर्दळीत रोवून उन्हाचा कवडसा घरट्याच्या तोंडाशी आणला. कॅमेऱ्यावर केळीची पानं बांधली आणि दोरी लांबवत पडवीपर्यंत नेली.

पण खरी अडचण पुढेच होती. पाखरू उडालेलं दिसल्यावर दोरी ओढली तर काचेवर नुसती फांदी येई. ते उडायच्या आधी दोरी ओढायला हवी. आणि ते केव्हा उडणार हे कुणाला कळणार?

विसूभाऊंना कळायचं.

मला ते पहिल्यांदा कळलं तेव्हा मी त्यांच्या शेजारी पडवीत बसलो होतो. नर जास्वंदीच्या टोकाला बसला होता. स्वस्थ, पिसं साफ करत. विसूभाऊ हलक्या आवाजात म्हणाले, "आता." आणि पाखरू उडालं. मला वाटलं योगायोग. पुन्हा आलं, बसलं. बराच वेळ झाला. "आता," ते म्हणाले, आणि गेलं. त्या सकाळी मी दहा वेळा मोजलं. नऊ वेळा त्यांचा शब्द आधी आला, पाखरू मागाहून उडालं. एकदा दोन्ही बरोबर झालं.

"कसं कळतं तुम्हाला?"

त्यांना उत्तर द्यायला संकोच वाटला. धोतराचा सोगा सारखा करत ते म्हणाले, "मास्तर, मला पाखरातलं काही कळत नाही. पण ते बसतं ना, ते बसलेलं नसतंच. ते पळायला तयार असतं. मीही तसाच बसतो. त्याच्या पोटात गोळा आला की माझ्याही येतो. माझा जरा आधी येतो, एवढंच."

माणसाच्या भित्रेपणाचा असा उपयोग मी तरी कधी पाहिला नव्हता.

काच धुवायला त्यांनी घरातली बाळंतिणीची खोली घेतली होती. त्या घरात बाळंत व्हायला कुणी नव्हतंच. खिडकी विटांनी बुजवली, फटींत चिंध्या कोंबल्या, कंदिलाला लाल काच लावली. आत भिंतीला लागून एक रुंद फळी, तिच्यावर चिनी मातीची तबकं. फळीच्या खाली डबे-बाटल्या, आणि त्यांवर धूळ बसू नये म्हणून काळा पडदा सोडलेला. काच औषधात घातली की तबक सारखं हलवत राहायचं, म्हणजे चित्र सगळीकडे एकसारखं उमटतं. उमटलं की काच चटकन दुसऱ्या औषधात टाकायची. उशीर झाला तर चित्र काळं पडत जातं. मी दोनदा आत गेलो होतो. त्या लाल उजेडात, त्या उग्र वासात विसूभाऊंचा चेहरा शांत दिसायचा. घरातल्या सगळ्या खोल्यांत ती एकच अशी की जिला एकच दार होतं, आणि तिथे ते दाराकडे पाठ करून उभे राहत.

औषधाने त्यांची बोटं नखांपासून दुसऱ्या पेरापर्यंत काळी झाली. ती आळीला खुपू लागली. शहाडहून भाजी घेऊन येणारी बाई त्यांच्या हातावर भाजी ठेवीनाशी झाली. टोपली खाली ठेवून लांब उभी राही. फोटो काढला की आयुष्य कमी होतं असं तेव्हा बरेच लोक मानत. कुणी म्हणे, लाल दिव्याच्या खोलीत हा काहीतरी करतो. विसूभाऊंच्या हे कानावर येई आणि ते आणखी घाबरत. लोक त्यांना घाबरतात, हे त्यांना फार भयंकर वाटे. मला म्हणाले, "मला बघून कुणी पोर घरात पळालं की मला वाटतं, माझ्या मागे काहीतरी उभं आहे."

असं पाच वर्षं चाललं. मग गाठीचा ताप, म्हणजे प्लेग, आला.

ज्यांनी ते दिवस पाहिले नाहीत त्यांना सांगून कळणार नाही. आधी उंदीर मेले. वळचणीतून पटकन पडत आणि तिथेच गोल फिरून मरत. मग मुंबईच्या बातम्या आल्या, मग पारनाक्याच्या बाजूला एक घर बंद झालं, मग चार. बाजारात लोक एकमेकांच्या काखेकडे बघू लागले. ज्यांना जमलं ते टिटवाळ्याकडे, शेतांमध्ये झोपड्या घालून राहायला गेले. राहिले त्यांना तापाइतकंच तपासणीचं भय होतं. डॉक्टर साहेब, दोन शिपाई आणि कारकून घराघरांत शिरत. अंगात ताप सापडला की त्या माणसाला डोलीत घालून गावाबाहेरच्या इस्पितळात नेत, घरच्यांना कुडाच्या छावणीत ठेवत, आणि अंथरूण-पांघरूण अंगणात जाळत. इस्पितळात गेलेलं माणूस परत आलेलं आमच्या आळीने पाहिलं नव्हतं.

अशा दिवसांत माझ्या पत्नीला, जानकीला, ताप भरला. तिला सहावा महिना होता.

थंडी वाजून ताप चढायचा, घाम येऊन उतरायचा आणि एक दिवस सोडून पुन्हा यायचा. हिवताप असावा असं वाटत होतं. मी तिच्या काखा, जांघा दिवसातून चार वेळा बघत होतो. गाठ नव्हती. पण गाठ नंतरही येते असं लोक सांगत. आणि तपासणीवाले एक दिवस सोडून पुन्हा बघायला येणारे थोडेच होते? त्यांना अंगाला हात लावून चटका बसला की पुरे.

तिसऱ्या दिवशी सकाळी आळीच्या वरच्या टोकाला बुटांचे आवाज आले. जानकीला तेव्हाच थंडी भरू लागली होती. मी नुसता दारात उभा राहिलो. काय करावं ते सुचत नव्हतं. तेवढ्यात मागच्या अडुळशाच्या कुंपणातून विसूभाऊ आत आले. आजवर ते त्या कुंपणातून कधी आले नव्हते, सापाची भीती. मागे भिमाताई होती.

"मास्तर, वहिनींना माझ्या काळ्या खोलीत आणा," ते म्हणाले. त्यांचे ओठ पांढरे झाले होते. "पडद्यामागे. लवकर."

"अहो, पण तो ताप असला तर?"

"असला तर असेल," भिमाताई म्हणाली. "उचल तिला. नंतर विचार कर."

आम्ही तिला कांबळ्यात गुंडाळून कुंपणातून नेलं. फळीखालचे डबे काढून तिथे निजवलं, पडदा सोडला. मी परत आलो तोवर शिपाई माझ्या दारात होते. बायको कुठे, असं कारकुनाने विचारलं. टिटवाळ्याला माहेरी गेली, म्हणालो. डॉक्टर साहेबांनी माझी नाडी बघितली, काखा बघितल्या. ते पुढच्या घराकडे वळले. मीही मागोमाग गेलो. लांब राहणं मला जमेना.

विसूभाऊंच्या घरात सगळं बघून झालं आणि साहेब त्या बंद दारापाशी थांबले.

"अंदर कौन है?"

"कोणी नाही साहेब. डार्क रूम. प्लेट आहे आत. उजेड गेला तो खराब होगा." विसूभाऊ दाराला पाठ लावून उभे होते.

साहेबांनी पडवीतल्या भिंतीकडे पाहिलं. तिथे पाच वर्षांतले सगळे फसलेले फोटो चिकटवलेले होते. धुरकट पंखांचे, नुसत्या फांद्यांचे. ते एकेक करून बघत गेले. मग त्यांचा चेहरा बदलला. म्हणाले, "मैं भी निकालता है. कभी उडता हुआ नहीं मिला." विसूभाऊंच्या काळ्या बोटांकडे बोट दाखवून ते हसले. "अभी प्लेट है?"

"आहे साहेब. आज सकाळची."

"चलो. मैं देखेगा. दरवाजा बंद करके."

शिपायांना त्यांनी बाहेर थांबायला सांगितलं. विसूभाऊंनी एकदा माझ्याकडे पाहिलं. दार उघडलं, दोघं आत गेले, दार बंद झालं.

बाहेर मी, दोन शिपाई, कारकून आणि उंबऱ्यावर तांदूळ निवडत बसलेली भिमाताई. ती एकेक दाणा निवडत होती. मान वर केली नाही. पाव तास झाला असेल. आतून काहीच कळत नव्हतं. फक्त चिनी मातीचं तबक लाकडावर वाजल्यासारखं टकटक, टकटक ऐकू येत होतं, न थांबता.

आत काय झालं ते जानकीने मला नंतर सांगितलं. दार बंद झालं आणि तिची थंडी वाढली. तिने पदर तोंडात कोंबला, तरी दात वाजायचे थांबेनात. तिच्या डोक्याच्या हातभर वर साहेब उभे होते. पडद्याखालून त्यांचे बूट दिसत होते. विसूभाऊंनी काच तबकात घातली आणि तबक हलवायला लागले. नेहमी ते असं हलवत की आवाज होत नसे. आज ते फळीवर आपटत होतं. दातांचा आवाज त्या आवाजात बुडाला. थोड्या वेळाने साहेब एकदम वाकून म्हणाले, "देखो, देखो. दोनो पंख." मग जरा वेळाने म्हणाले, "बस. अब निकालो." विसूभाऊंनी तबक थांबवलं नाही. "निकालो, निकालो, काला होता है." तरी नाही. जानकीचे दात वाजत होते, आणि तबक वाजत होतं.

दार उघडून साहेब बाहेर आले ते चिडलेले होते. मान हलवत इंग्रजीत म्हणाले, "होतं ते घालवलंस, मूर्ख माणसा." आणि शिपायांना घेऊन निघून गेले.

विसूभाऊ मागोमाग आले. हातात काच होती. उन्हात धरून त्यांनी मला दाखवली. ती तव्यासारखी काळी होती.

"आलं होतं का?" मी विचारलं.

"आलं होतं," ते म्हणाले. "घरट्यातून सुटला तो क्षण. पीस न पीस मोजता आलं असतं." आणि ते खाली बसून ओकले.

दुसऱ्या दिवशी मी त्यांचे आभार मानायला गेलो आणि जानकीने सांगितलेलं सगळं बोललो. ते माझ्याकडे बघेनात. "वहिनींना तापात भास झाला असेल. मी काही मुद्दाम केलं नाही, मास्तर. हात थरथरत होते म्हणून तबक वाजत होतं. भीतीने मला थांबता आलं नाही." मी त्यांना रेघ काढताना पाहिलं होतं, हे मी बोललो नाही. शेवटपर्यंत त्यांनी दुसरं काही कबूल केलं नाही.

जानकी आठ दिवस त्या खोलीत राहिली. भिमाताई तिला कोयनेल पाजायची, पेज भरवायची. विसूभाऊ रोज सकाळी दाराबाहेरून विचारत, "गाठ?" आतून भिमाताई म्हणे, "नाही." मग ते कडुनिंबाच्या पाण्याने अंघोळ करून कचेरीत जात. हिवतापच होता. ताप गेला, जानकी घरी आली आणि दिवस भरल्यावर तिला मुलगी झाली.

इथे हे लिखाण संपवता आलं असतं तर बरं होतं.

पण डॉक्टर साहेब विसूभाऊंच्या घरात पाव तास दार लावून बसला, हे आळीने पाहिलं होतं. दोन दिवसांनी त्याच आळीतली तीन माणसं इस्पितळात नेली गेली. लोकांनी आपलं काय ते ठरवलं. हाच साहेबाला घरं दाखवतो. लाल दिव्याच्या खोलीत बसून नावं सांगतो. भिमाताई विहिरीवर गेली की बाकीच्या बायका घागरी उचलून बाजूला होत. वाण्याने पुडी हातात द्यायचं सोडून ओट्यावर टाकायला सुरुवात केली. एका दुपारी परसात दगड पडले. डाळिंबाची फांदी मोडली, घरटं खाली आलं, कॅमेऱ्याचं भिंग फुटलं. ते दगड कुणी टाकले ते मला माहीत होतं. त्यातल्या एकाची दोन मुलं माझ्या वर्गात होती.

मी विसूभाऊंकडे गेलो. म्हणालो, "मी सांगतो सगळ्यांना काय झालं ते. आजच सांगतो."

"नको," ते म्हणाले. "लपवलं असं कळलं तर तुमची नोकरी जाईल. वर खटला होईल. वहिनींना या दिवसांत छावणीत नेतील."

"आणि तुम्ही?"

"मला सवय आहे, मास्तर. मी घाबरलेलाच असतो. आता कारण तरी आहे."

हे ऐकून मी गप्प बसलो. त्यांनी नको म्हटलं म्हणून बसलो, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आलो. खरं तर त्यांनी नको म्हणावं, अशीच माझी इच्छा होती. जानकी म्हणाली होती, "तुम्ही बोला, मी जाईन छावणीत." मी तिचंही ऐकलं नाही. शाळेत जात राहिलो. त्या दोन मुलांच्या बापाला वाटेत नमस्कार करत राहिलो.

पुढच्या हिवाळ्यात ताप परत आला. विसूभाऊ कचेरीत होते आणि भिमाताईला घरी ताप भरला. या खेपेला गाठ होती. कुणीतरी लगेच कळवलं. कुणी ते विचारायची गरज नव्हती. डोली आली तेव्हा मी शाळेत होतो. जानकी कडेवर मुलगी घेऊन ओट्यावर उभी होती, ती सांगते की भिमाताई डोलीत स्वतःच्या पायांनी चढली आणि शिपायाला म्हणाली, "नीट धर. पडले तर तुला परत उचलावं लागेल."

विसूभाऊंना कचेरीत निरोप मिळाला. त्यांच्याबरोबर बसणारे एक गृहस्थ मला पुढे भेटले. ते म्हणाले, "आम्ही सगळ्यांनी सांगितलं, घरी जाऊ नका. संध्याकाळच्या गाडीने ठाण्याला जा, कोलशेतला तुमचे मामेभाऊ आहेत तिथे राहा. तुम्ही घरी सापडला नाहीत तर कोण शोधणार आहे? ते 'हो हो' म्हणाले. नकाशा पुरा केला, लेखणी पुसून ठेवली आणि इस्पितळाच्या रस्त्याला लागले."

घर बंद झालं. आतलं सामान अंगणात जाळलं. काचा जळत नाहीत म्हणून फोडून टाकल्या. माझ्याकडे त्यांनी दिलेला एक फोटो आहे. त्यात डाळिंबाची फांदी आहे आणि शेजारी बोटभर धूर.

भिमाताई चौथ्या दिवशी गेली. ती गेल्यावर सहाव्या दिवशी विसूभाऊ गेले. आळीला खरं काय ते मी त्यानंतर सांगितलं. ऐकून झाल्यावर लोक आपापल्या कामाला गेले.

शेवटचं मी त्यांना पाहिलं ते भिमाताई असतानाच, तिसऱ्या दिवशी सकाळी. इस्पितळ म्हणजे शहाडच्या वाटेवर, नदीच्या अलीकडे, चटयांचे लांबट मांडव आणि भोवती बांबूचं कुंपण. मी जानकीने दिलेला भाताचा डबा घेऊन गेलो होतो. डबा फाटकावर ठेवायचा आणि लांब व्हायचं असा नियम होता.

कुंपणाच्या आत विहिरीजवळ विसूभाऊ भिमाताईचं लुगडं धूत होते. जन्मात त्यांनी कपडा धुतला नसावा. दगडावर आपटताना पाणी स्वतःच्याच तोंडावर उडत होतं. धुऊन झाल्यावर ते पिळायला लागले. नऊवारी लुगडं, ओलं, एका माणसाच्या हाताने पिळलं जात नाही. दुसरं टोक कुणीतरी धरावं लागतं. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. तेव्हा त्यांना मी दिसलो.

आमच्यामध्ये वीस पावलं असतील. फाटक उघडंच होतं आणि शिपाई सावलीत तंबाखू मळत बसला होता. विसूभाऊंनी ओला हात वर केला आणि तळवा माझ्याकडे धरला. तिथेच थांबा, अशी खूण.

मी थांबलो.

त्यांनी लुगड्याचं एक टोक कुंपणाच्या बांबूला बांधलं, गाठ ओढून पाहिली, दुसरं टोक दोन्ही हातांत घेऊन मागे मागे गेले आणि पीळ घालायला लागले. पाण्याची धार मातीत पडत होती. पीळ घट्ट झाल्यावर बांबू वाकला, तसे त्यांनी पाय रोवले आणि आणखी एक पीळ घातला.